स्थलांतराचा अभ्यास कोण करणार?
येणाऱ्यांचे आणि जाणाऱ्यांचे हडपसर. पदव्युत्तर शिक्षणाच्या नकाशावर मात्र विषय हरवलेला

पुणे - सोलापूर रस्त्याने शहरात शिरणाऱ्या माणसाला पुण्याचे पहिले दर्शन घडते ते हडपसरमध्ये. लातूर, उस्मानाबाद (आता धाराशिव), नांदेड, सोलापूर या भागांतून येणाऱ्या एसटी गाड्या गाडीतळावर थांबतात, गाठोडी उतरतात आणि कामाच्या शोधात आलेली माणसे ओळखीच्या पत्त्यांकडे वळतात. याच परिसरातील मगरपट्टा, अमानोरा आणि फुरसुंगीच्या संगणक-संकुलांतून दुसरा प्रवाह बाहेर पडत असतो. अमेरिका, जर्मनी, ऑस्ट्रेलिया, कॅनडा येथे शिक्षणासाठी वा नोकरीसाठी निघालेल्या या तरुणांना पासपोर्ट सेवा केंद्र गाठण्यासाठीही फार लांब जावे लागत नाही. ते शेजारच्या मुंढव्यात आहे. येणारा आणि जाणारा असे हे दोन्ही प्रवाह एकाच चौकातून वाहत असताना, त्यांचा एकत्रित आणि सातत्याने अभ्यास करणारी यंत्रणा मात्र ना महापालिकेकडे आहे, ना राज्य सरकारकडे. जगातील अनेक विद्यापीठांत ‘स्थलांतर’ हा पदव्युत्तर अभ्यासाचा स्वतंत्र विषय झाला असताना महाराष्ट्राने तो अद्याप अर्थशास्त्र, भूगोल आणि समाजकार्य यांच्या अभ्यासक्रमांतील एखाद-दुसऱ्या प्रकरणापुरताच ठेवला आहे. या उणिवेची किंमत राज्य गेली काही वर्षे मोजत आहे.

मळ्यांचे गाव, माणसांचे शहर

हडपसरची घडण स्थलांतरातूनच झाली. खडकवासल्याच्या पाण्यावर, मुठा उजव्या कालव्याच्या काठाने येथे ऊस आणि भाजीपाल्याचे मळे फुलले. १९५८ मध्ये स्थापन झालेली किर्लोस्कर न्यूमॅटिक आणि १९६६ मध्ये स्थापन झालेली सीरम इन्स्टिट्यूट यांसारख्या कारखान्यांनी या मळ्यांशेजारी कामगारवस्ती आणली. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा आणि सोलापूरकडील कुटुंबांना पुण्याची वाट दाखविली. त्यातील अनेकांनी शहराच्या याच पूर्व टोकाला पाय रोवले. वैदूवाडीसारखे नावच सांगते, की भटक्या समाजांनाही येथे मुक्काम करावासा वाटला.

नव्या शतकाच्या प्रारंभी मगर कुटुंबांसह सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली चारशे एकरांच्या आसपासची जमीन न विकता एकत्र केली आणि मगरपट्टा सिटी उभी केली. जमीनमालक विस्थापित न होता नागरीकरण कसे घडू शकते, याचे उदाहरण म्हणून या प्रकल्पाची देशभर चर्चा झाली. परंतु त्या इमारती बांधणारे हात, तेथे घरकाम करणाऱ्या स्त्रिया, रखवालदार आणि कचरा उचलणारे कामगार कोठून आले, किती वर्षे राहिले आणि काम संपल्यावर कोठे गेले, याची चर्चा त्या प्रमाणात झाली नाही. शेतकऱ्यांच्या भागीदारीचा हिशेब लिहिला गेला. मजुरांच्या येण्याजाण्याचा हिशेब कोणी लिहिला नाही.

आकडे भरपूर, उत्तर अपुरे

देशात स्थलांतराविषयी आकडे नाहीत असे नव्हे. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात ४५ कोटींहून अधिक व्यक्ती, म्हणजे लोकसंख्येच्या एक तृतीयांशाहून जास्त, स्थलांतरित ठरतात. २०२०-२१ च्या श्रमशक्ती पाहणीने हे प्रमाण २८.९ टक्के असल्याचे सांगितले. पुरुषांमध्ये ते १०.७ टक्के, तर स्त्रियांमध्ये ४७.९ टक्के होते. या पाहणीतील बहुसंख्य स्थलांतरित स्त्रियांच्या बाबतीत विवाह हेच कारण नोंदले गेले. लग्न होऊन लातूरहून हडपसरला आलेली आणि पुढे वीस वर्षे इतरांच्या घरी धुणीभांडी करणारी स्त्री सरकारी तक्त्यात ‘विवाहामुळे स्थलांतरित’ म्हणूनच राहते. तिच्या श्रमाची नोंद त्या रकान्यात होत नाही. आकडा चुकीचा नसतो, परंतु त्याला विचारलेला प्रश्न अपुरा असतो.

दुसरी अडचण काळाची. २०११ च्या जनगणनेतील स्थलांतराचे तपशीलवार तक्ते हाती येण्यास २०१९ साल उजाडले. २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरविण्यात आली आहे. त्यामुळे गेल्या दीड दशकातील हडपसर, मांजरी, महंमदवाडी, फुरसुंगी या पट्ट्याचा झपाट्याने झालेला विस्तार मुळात २०११ च्या चष्म्यातून पाहावा लागत आहे. शिवाय काही महिन्यांपुरते येणारे वीटभट्टी कामगार, बांधकाम मजूर, ऊसतोडणी कामगार हे जनगणनेच्या जाळ्यातून बहुतांशी निसटतात. देशाबाहेर गेलेल्यांची मोजणी तर तिच्या कक्षेतच नीट येत नाही.

या अज्ञानाचे परिणाम २०२० मध्ये उघड्यावर आले. २४ मार्च रोजी टाळेबंदी जाहीर झाली आणि सोलापूर रस्त्यासह राज्यातील प्रत्येक महामार्गावर पायी निघालेली कुटुंबे दिसू लागली. एक कोटी चार लाखांहून अधिक मजूर आपापल्या राज्यांत परतल्याचे केंद्राने नंतर संसदेत सांगितले. परंतु या काळात किती स्थलांतरित मजूर मृत्युमुखी पडले, या प्रश्नावर सप्टेंबर २०२० मध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयाने अशी माहिती ठेवली जात नाही, असे लेखी उत्तर दिले. ज्यांची येतानाच नोंद झाली नव्हती, त्यांची जाताना कशी होणार?

पैसा येतो, पण कोणाकडून?

परदेशी स्थलांतराच्या बाबतीतही चित्र फारसे वेगळे नाही. रिझर्व्ह बँकेच्या पाहण्यांनुसार परदेशांतून भारतात येणाऱ्या खासगी रकमांमध्ये महाराष्ट्राचा वाटा २०१६-१७ मध्ये १६.७ टक्के होता. २०२०-२१ मध्ये तो ३५.२ टक्क्यांवर गेला आणि केरळला मागे टाकून महाराष्ट्र पहिल्या क्रमांकावर आला. २०२३-२४ मध्ये हा वाटा २०.५ टक्क्यांवर उतरला, केरळचा १९.७ टक्के होता. त्या वर्षी देशात आलेली एकूण रक्कम ११८.७ अब्ज डॉलर होती.

चार वर्षांत दुप्पट आणि पुढच्या तीन वर्षांत पुन्हा खाली, हा चढउतार साधा नाही. मराठी माणूस अचानक दुपटीने परदेशी गेला आणि तेवढ्याच वेगाने परत आला, असे तर घडलेले नाही. आखाती देशांवरचे अवलंबित्व कमी होऊन अमेरिकेचा वाटा वाढला, हे एक कारण संभवते. २०२३-२४ मध्ये एकूण रकमेतील अमेरिकेचा वाटा २७.७ टक्के होता. करोनाकाळात आखातातून परतलेल्या केरळी कामगारांचा परिणामही त्यात असू शकतो. पण रत्नागिरीच्या दर्यावर्दीने पाठविलेले पैसे किती, हडपसरच्या संगणक अभियंत्याने पाठविलेले किती आणि मुंबईतील बँक खात्यांत केवळ जमा होऊन अन्यत्र गेलेले किती, याची फोड राज्याकडे उपलब्ध नाही. देशात सर्वाधिक परकीय रक्कम स्वीकारणाऱ्या राज्याला ती कोणाच्या घामाची आहे हे सांगता येऊ नये, ही गंभीर बाब आहे.

केरळने काय केले?

याउलट केरळचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. त्या राज्याने १९९६ मध्येच अनिवासी केरळीयांसाठी स्वतंत्र खाते स्थापन केले. १९९८ मध्ये तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संस्थेत के. सी. झकारिया आणि एस. इरुदया राजन यांनी केरळ स्थलांतर पाहणीची सुरुवात केली. ठराविक वर्षांनी घरोघरी जाऊन केल्या जाणाऱ्या या पाहणीने परदेशस्थ केरळीयांची संख्या १९९८ मध्ये १३.६ लाख, २०१३ मध्ये २४ लाख आणि २०१८ मध्ये २१.२ लाख असल्याचे दाखविले. २०२३ च्या फेरीत एकूण संख्या २२ लाखांच्या आसपास स्थिर राहिली, पण परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांची संख्या पाच वर्षांत जवळपास दुप्पट होऊन अडीच लाखांवर पोचल्याचे आढळले.

आखातात जाणारा कामगार कमी होत आहे आणि युरोप-कॅनडाकडे जाणारा विद्यार्थी वाढत आहे, हे केरळच्या धोरणकर्त्यांना अंदाजाने नव्हे तर मोजून कळले. या पाहणीचा तितकाच मोलाचा लाभ म्हणजे तिच्यातून घडलेले संशोधक. प्रश्नावली कशी करावी, घरातल्या वृद्ध आईला परदेशस्थ मुलाविषयी कसे विचारावे, रकमेचा विनियोग कसा नोंदवावा, हे शिकलेली एक पिढी तेथे तयार झाली. पाहणी आणि पदव्युत्तर शिक्षण ही दोन चाके एकाच गाडीची असतात, हे केरळने दाखवून दिले.

कायद्याच्या रकान्यांत न बसणारी माणसे

अभ्यास नसला की कायदेही अर्धवट राहतात. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ मध्ये झालेला कायदा ठेकेदारामार्फत दुसऱ्या राज्यात नेलेल्या मजुरांपुरता होता. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संहितेने, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, स्वतःहून आलेल्या कामगारालाही या व्याख्येत घेतले, ही सुधारणा होय. पण राज्याची सीमा ओलांडण्याची अट कायम राहिली. परिणामी कर्नाटकातील बीदरहून हडपसरला आलेला गवंडी ‘स्थलांतरित’ ठरतो आणि त्याच्याच शेजारच्या उदगीरहून आलेला गवंडी ठरत नाही. दोघे एकाच इमारतीच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोलीत राहतात, एकाच मुकादमाकडून उचल घेतात. मात्र कायदा त्यांच्याकडे वेगवेगळ्या नजरेने पाहतो. महाराष्ट्रांतर्गत स्थलांतर हेच ज्या परिसराचे मुख्य वैशिष्ट्य आहे, तेथे या संहितेचा उपयोग मर्यादितच राहणार.

परदेशगमनाचा १९८३ चा कायदाही असाच एकांगी आहे. त्याचा भर नोकरीसाठी जाणाऱ्यांवर आणि त्यांची भरती करणाऱ्या नोंदणीकृत एजंटांवर आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीला ठराविक १८ देशांत नोकरीसाठी जाताना सरकारी परवानगी लागते. शिक्षणासाठी जाणारा विद्यार्थी या चौकटीत येत नाही आणि त्याला विद्यापीठ सुचविणारा, कर्जाची कागदपत्रे जुळविणारा सल्लागारही येत नाही. परराष्ट्र मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये १३ लाखांहून अधिक भारतीय विद्यार्थी परदेशांत शिकत होते. त्यांपैकी अनेकांच्या शिक्षणामागे राहत्या घराचे वा शेतीचे तारण असते. घर गहाण टाकून केलेले हे स्थलांतर कायद्याच्या दृष्टीने स्थलांतरच नाही.

जोखीम मात्र वाढत चालली आहे. जानेवारी २०२४ पासून ब्रिटनने बहुतेक पदव्युत्तर विद्यार्थ्यांना कुटुंब सोबत नेण्यास मनाई केली. त्याच महिन्यात कॅनडाने विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा जाहीर केली. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांसाठी एक लाख डॉलरच्या शुल्काची घोषणा केली. वॉशिंग्टन वा ओटावा येथे निघालेल्या एका आदेशाने मगरपट्ट्यातील घरांचे हिशेब बदलतात. तरीही हे आदेश कोणत्या राजकीय आणि आर्थिक कारणांनी निघतात, हे समजावून सांगणारे अभ्यासक येथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच.

जर्मनीचा करार आणि पूर्वतयारी

महाराष्ट्र सरकार स्वतःच आता स्थलांतराच्या व्यवहारात उतरले आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक, हॉटेल कर्मचारी अशा व्यवसायांतील तरुणांना जर्मन भाषा शिकवून पाठविण्याची ही योजना आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने कुशल भारतीयांसाठीच्या वार्षिक व्हिसांची संख्या २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेण्याचे जाहीर केले.

संधी मोठी आहे, यात शंका नाही. परंतु जर्मनीने साठ आणि सत्तरच्या दशकांत तुर्कस्तानातून बोलाविलेल्या ‘पाहुण्या कामगारां’चा अनुभव येथील किती अधिकाऱ्यांनी अभ्यासला आहे? काही वर्षांसाठी बोलाविलेली माणसे तेथेच राहिली, त्यांची मुले तेथे जन्मली आणि नागरिकत्व, भाषा, शाळा यांचे प्रश्न पुढील तीन पिढ्या चालले. येथून परिचारिका गेल्यावर आपल्या ग्रामीण रुग्णालयांचे काय होईल, मागे राहिलेल्या वृद्धांची काळजी कोण घेईल, अर्ध्यात परत आलेल्या तरुणाचे पुनर्वसन कसे होईल, हे प्रश्न करारावर सही करण्यापूर्वी विचारायचे असतात. ते विचारण्यासाठी प्रशिक्षित माणसे लागतात.

जर्मनीकडे ती आहेत. ओस्नाब्रुक विद्यापीठात १९९१ पासून स्थलांतर संशोधनाची स्वतंत्र संस्था असून तेथे या विषयात पदव्युत्तर पदवी घेता येते. ब्रिटनमध्ये ऑक्सफर्ड येथे १९८२ पासून निर्वासित अभ्यास केंद्र आहे. ससेक्स विद्यापीठही स्थलांतराच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी ओळखले जाते. म्हणजे वाटाघाटीच्या टेबलाच्या एका बाजूला प्रशिक्षित अभ्यासकांचा आधार आणि दुसऱ्या बाजूला केवळ उत्साह, अशी ही विषम स्थिती आहे.

भारतात काय उपलब्ध आहे?

देशात अगदीच पोकळी नाही. मुंबईत देवनार येथे १९५६ पासून कार्यरत असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत लोकसंख्याशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत स्थलांतर आणि नागरीकरण शिकविले जाते. हैदराबाद विद्यापीठात १९९६ पासून भारतीय परदेशस्थ समुदायांच्या अभ्यासाचे केंद्र आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने स्थलांतर आणि परदेशस्थ समुदाय या विषयात एम.ए. अभ्यासक्रम सुरू केला आहे. मात्र अंतर्गत आणि आंतरराष्ट्रीय स्थलांतर एकत्र शिकविणारा, कायदा, सांख्यिकी आणि क्षेत्रीय पाहणी यांची सांगड घालणारा आणि मराठीतून वाचन-लेखनाची सोय असणारा अभ्यासक्रम राज्यातील विद्यार्थ्याला सहजी सापडत नाही. ज्याला या विषयाची गोडी आहे, त्याला तो शिकण्यासाठीच स्थलांतर करावे लागते.

पुण्याच्या बाबतीत ही उणीव अधिक बोचणारी आहे. कारण शहरांचा शास्त्रशुद्ध अभ्यास या शहराने देशात फार लवकर सुरू केला. १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी १९३६-३७ मध्ये पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी केली. तिचे दोन भाग १९४५ आणि १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे एन. व्ही. सोवनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली पुण्याची फेरपाहणी १९५६ मध्ये प्रकाशात आली. कुटुंबे कोठून आली, कोणती कामे करतात, किती मिळवितात, हे घरोघरी जाऊन विचारण्याची परंपरा या शहराची आहे. कागद, पेन्सिल आणि सायकल एवढ्या साधनांवर त्या पिढीने जे केले, ते संगणक उद्योगाची राजधानी म्हणविणाऱ्या शहराला आज का जमू नये?

आक्षेप आणि त्यांचे उत्तर

नव्या अभ्यासक्रमाची मागणी झाली की दोन आक्षेप ठरलेले असतात. पहिला, पदवीधराला नोकरी कोठे मिळणार? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आश्वासनांनी देता येणार नाही. मात्र महापालिका, कामगार विभाग, कौशल्य विकास यंत्रणा, बँका, बांधकाम कंपन्या, परदेशी विद्यापीठांशी व्यवहार करणाऱ्या संस्था आणि वकिलांची कार्यालये यांना स्थलांतराचे नियम जाणणाऱ्या माणसांची गरज आहे. आज हे काम अर्धवट माहितीवर चालणारे मध्यस्थ करतात आणि त्याचे शुल्क सामान्य कुटुंबांकडून घेतात. त्या जागी प्रशिक्षित आणि उत्तरदायी व्यक्ती आल्या, तर तो रोजगारही ठरेल आणि संरक्षणही.

दुसरा आक्षेप राजकीय आहे. स्थलांतरितांची मोजणी झाली, की ‘भूमिपुत्र’ विरुद्ध ‘परप्रांतीय’ या वादाला खतपाणी मिळेल, अशी भीती व्यक्त होते. अनुभव नेमका उलटा आहे. हा वाद अफवांवर आणि फुगविलेल्या आकड्यांवर पोसला जातो. हडपसरमध्ये येणाऱ्यांत परराज्यांतील किती आणि मराठवाडा-सोलापूरचे किती, कोणते काम कोण करतो, भाडे आणि कर कोण भरतो, हे पुराव्याने समोर आले तर घोषणांची धार आपोआप बोथट होईल. मोजणी कोणी, कशासाठी आणि कोणत्या गोपनीयतेने करायची, याची शिस्त मात्र हवी. आणि ती शिस्त विद्यापीठाइतकी अन्य कोणी लावू शकत नाही.

हडपसरच प्रयोगशाळा

सुरुवात मोठ्या इमारतीने करण्याची गरज नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, गोखले संस्था आणि देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था यांनी एकत्र येऊन दोन वर्षांचा आंतरविद्याशाखीय अभ्यासक्रम आखणे शक्य आहे. हडपसरमधील एस. एम. जोशी महाविद्यालय आणि अण्णासाहेब मगर महाविद्यालय यांच्यासारख्या संस्थांतील विद्यार्थी हे स्वतःच अनेकदा स्थलांतरित कुटुंबांतले असतात. क्षेत्रीय पाहणीसाठी त्यांच्याइतके जाणकार साहाय्यक दुसरीकडे मिळणार नाहीत. मराठवाड्याची बोली आणि गावाकडची नाती ठाऊक असलेली तरुणी दारात उभी राहिली, तर जी माहिती मिळेल ती परक्या प्रश्नावलीला मिळणार नाही.

त्याच्याच जोडीने दर पाच वर्षांनी ‘महाराष्ट्र स्थलांतर पाहणी’ करण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला पाहिजे. तिच्यात बीडचा ऊसतोड कामगार, कोकणातील खलाशी, बिहारहून आलेला सुतार, हडपसरची घरकामगार स्त्री आणि स्टुटगार्टला निघालेली परिचारिका हे सारे एकाच चौकटीत दिसावेत. २०२७ च्या जनगणनेचे आकडे येतील, तेव्हा ते वाचू शकणारी पहिली तुकडी तयार असावी, हे उद्दिष्ट अवास्तव नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील ३० कोटी ४० लाख लोक जन्मदेशाबाहेर राहत होते आणि सर्वाधिक स्थलांतरित भारतातून गेलेले होते. हा प्रवाह कोणत्याही आदेशाने थांबणारा नाही, तसेच गाडीतळावर उतरणारी गर्दीही थांबणारी नाही. प्रश्न एवढाच आहे, की पुढच्या संकटाच्या वेळी सरकारला पुन्हा ‘माहिती ठेवलेली नाही’ असे लेखी उत्तर द्यावे लागणार, की माणसांची नावे, गावे आणि गरजा सांगणारी एखादी वही राज्याच्या टेबलावर असणार. ती वही लिहिणारे हात घडविण्याचे काम विद्यापीठांचे आहे आणि त्याला आधीच उशीर झाला आहे.